हँडल खडखडतंय? सायकलच्या ‘हेड ट्यूब’चा आजार कसा ओळखायचा, दुरुस्ती कधी करायची आणि फ्रेम कधी सोडून द्यायची?

डिजिटल डेस्क, अहिल्यानगर : पुढचा ब्रेक दाबला की हँडलखालून ‘टक्’ असा आवाज येतो. खड्ड्यातून सायकल गेली की तोच आवाज पुन्हा. दुकानात नेली की मिस्त्री पान्याने वरचा नट आवळून देतात. दोन दिवस बरं वाटतं, आठवड्यात खडखड परत सुरू. मग नवे छर्रे टाकले जातात, नवे कप टाकले जातात, तरी आवाज जात नाही.

अशा वेळी दोष छर्ऱ्यांचा नसतो. कपांचाही नसतो. ते कप ज्या नळीत बसतात ती नळीच झिजलेली किंवा वाकडी झालेली असते. तिला ‘हेड ट्यूब’ म्हणतात. अनेकदा या टप्प्यावर ‘फ्रेम गेली’ असं सांगून सायकल भंगारात काढली जाते. पण पोलादी फ्रेम असेल तर बहुतेक वेळा ती वाचवता येते. मात्र काही वेळा ती वाचवणं जिवावर बेतू शकतं. हा फरक कसा ओळखायचा, ते समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचं

• खडखड म्हणजे दरवेळी छर्रेच खराब असं नाही. आधी कप नळीत हलतोय का, ते तपासा.
• पोलादी फ्रेममध्ये ढिली किंवा लंबगोल झालेली हेड ट्यूब दुरुस्त होते.
• तडा गेला असेल, तर आवळणं, पत्री घालणं, चिकटवणं हे सगळे उपाय बाद.
• ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर वेल्डिंग आणि ठोकाठोक टाळा. कार्बन फ्रेमला तर हातही लावू नका.

हेड ट्यूब म्हणजे नेमका कोणता भाग?

सायकलच्या फ्रेममधली सर्वात आखूड नळी. हँडलच्या बरोबर खाली, जिथे कंपनीचा बिल्ला लावलेला असतो ती. तिच्या मागे दोन नळ्या जोडलेल्या असतात. वरची आडवी दांडी आणि खाली पायडलकडे जाणारी तिरपी नळी. हेड ट्यूबच्या आतून चिमट्याचा, म्हणजे फोर्कचा दांडा वर येतो आणि त्यावर हँडल बसतं.

हा दांडा सहज फिरावा म्हणून हेड ट्यूबच्या वरच्या आणि खालच्या तोंडात एकेक कप दाबून बसवलेला असतो. कपात छर्रे, छर्ऱ्यांवर कोन. या सगळ्या संचाला दुकानात कोणी ‘हेड फिटिंग’ म्हणतं, कोणी ‘बॉल रेसर’.

यात एक गोष्ट लक्षात ठेवायची. कप नळीत आट्यांवर फिरवून बसवलेला नसतो. तो फक्त घट्ट दाबून बसवलेला असतो. कपाचा बाहेरचा व्यास नळीच्या आतल्या व्यासापेक्षा किंचित मोठा ठेवतात. हा फरक साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर असतो. म्हणजे वहीच्या एक-दोन पानांच्या जाडीइतका. कपाची सगळी पकड एवढ्याशा फरकावर अवलंबून असते.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला ‘इंटरफिअरन्स फिट’ नावाचा धडा असतो. परीक्षेत त्यावर मी छान आकृती काढली होती. घरातली सायकल त्याच तत्त्वावर उभी आहे, हे मात्र कळायला ती बिघडावी लागली.

एवढ्याशा नळीवर इतका ताण का येतो?

ढोबळ गणित करून बघू. चालवणारा, सायकल आणि कॅरियरवरचं सामान मिळून १०० किलो वजन धरा. पुढचा ब्रेक बऱ्यापैकी जोरात दाबला, तर रस्ता पुढच्या टायरला साधारण ३३ किलोच्या जोराने मागे ढकलतो. टायर जमिनीला टेकतो तिथपासून खालच्या कपापर्यंत अंतर अंदाजे ७० सेंटिमीटर. दोन कपांमधलं अंतर मात्र जेमतेम १४ सेंटिमीटर.

म्हणजे ही एक पहार झाली. लांब टोकाला ३३ किलो लावले, तर आखूड टोकाला पाचपट जोर येणार. वरच्या कपावर साधारण १६५ किलो आणि खालच्या कपावर जवळपास २०० किलो. हे नुसत्या ब्रेकचं झालं. खड्ड्याचा दणका वेगळा, डबल सीट बसलेल्या माणसाचं वजन वेगळं.

आपल्या जिल्ह्यात सायकल फक्त सकाळच्या व्यायामाची नाही. कॅरियरला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या, गवताचा भारा, शेतावर नेलेली खताची गोणी, शाळेच्या दप्तरासह मागे बसवलेली धाकटी बहीण असं सगळं ती वाहते. त्यात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखडलेले रस्ते. हा प्रत्येक दणका शेवटी त्या दोन कपांच्या कडेवर येऊन थांबतो.

नळी झिजते किंवा वाकडी होते ती कशी?

याची चार प्रमुख कारणं आहेत.

१) ढिलं हेड तसंच चालवणं : नट सैल झाला की प्रत्येक ब्रेकला चिमटा पुढे-मागे आपटतो. हळूहळू कप नळीत सूक्ष्म हालचाल करायला लागतो. धातूवर धातू घासला जातो आणि तांबूस-तपकिरी पूड पडते. खालच्या कपाच्या कडेला गंजासारखी अशी बारीक पूड दिसली, तर झीज सुरू झाली असं समजा. जोर नेहमी पुढे-मागे येत असल्याने नळीचं तोंडही त्याच दिशेने ताणलं जातं. गोल भोक लंबगोल होतं. पुढे ते घंटेसारखं पसरतं.

२) कप वारंवार काढणं-घालणं : साधं पोलाद एका टक्क्याच्या साधारण आठव्या हिश्श्यापर्यंतच ताणून परत मूळ जागी येतं. ३० मिलिमीटर व्यासाच्या नळीसाठी हा हिशेब जेमतेम ०.०४ मिलिमीटर होतो. कप दाबताना नळी याहून जास्त ताणली जाते, म्हणजे थोडीशी कायमची मोठी होते. एकदा-दोनदा चालतं. दर वर्षी हातोडीने कप ठोकून काढले आणि घातले, तर दर वेळी पकड कमी होते.

३) चुकीच्या मापाचा कप : एक इंची दांड्याच्या सायकलींमध्ये दोन मापं जगभर चालतात. जपानी मापाचा कप ३०.० मिलिमीटर आणि आंतरराष्ट्रीय मापाचा ३०.२ मिलिमीटर. दिसायला दोन्ही सारखेच. मोठ्या मापाच्या नळीत छोटा कप गेला, तर तो पहिल्या दिवसापासून सैल राहणार.

४) समोरून धडक : बैलगाडी, दुभाजक, मोटारसायकल, कशावरही आदळलं की पुढचं चाक मागे ढकललं जातं. नशीब चांगलं असेल तर फक्त चिमटा वाकतो. नाहीतर हेड ट्यूबचा खालचा भाग मागे सरकतो आणि तिच्या मागच्या नळ्यांना खालून सुरकुती पडते.

घरच्या घरी तपासणी कशी करायची?

यासाठी कोणतंही खास हत्यार लागत नाही. पाच मिनिटांत पाच गोष्टी बघता येतात.

• पुढचा ब्रेक घट्ट दाबून ठेवा आणि सायकल पुढे-मागे हलवा. दुसऱ्या हाताची बोटं खालच्या कपाच्या आणि नळीच्या सांध्यावर ठेवा. चिमटा कपात हलत असेल, तर नट किंवा छर्ऱ्यांचा प्रश्न. कपच नळीत हलत असेल, तर नळीचा प्रश्न.

• पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मध्यभागी ‘खटक’ लागून हँडल अडत असेल, तर कपात छर्ऱ्यांच्या खळग्या पडल्या आहेत. यात फ्रेमला काही झालेलं नसतं. नवा सेट टाकला की काम होतं.

• हेड ट्यूबच्या लगेच मागे, दोन्ही नळ्यांच्या खालच्या बाजूने बोट फिरवा. उंचवटा, सुरकुती किंवा रंगाची बारीक भेग लागली, तर सायकल धडकलेली आहे.

• समोर उभं राहून एक डोळा मिटा. हेड ट्यूब आणि सीटखालची उभी नळी एका रेषेत दिसली पाहिजे. एक दुसरीच्या तुलनेत कललेली दिसली, तर फ्रेमला पीळ आहे.

• मागचं चाक काढा. चाक बसतं त्या एका खाचेला दोरी बांधा, ती पुढे नेऊन हेड ट्यूबला वळसा घाला आणि परत दुसऱ्या खाचेला ताणून बांधा. आता सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांचं अंतर मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल, तर फ्रेम एका बाजूला गेली आहे. अशा फ्रेमची हेड ट्यूब दुरुस्त करण्याआधी फ्रेम सरळ करावी लागते.

तडा असल्याची शंका आली तर?

त्यावर एक जुना, भरवशाचा उपाय आहे. नळीच्या त्या भागावरचा रंग पॉलिश पेपरने काढा. त्यावर थोडं डिझेल किंवा रॉकेल लावा, दहा मिनिटं थांबा आणि फडक्याने पूर्ण पुसून घ्या. वर खडूची बारीक पूड भुरभुरा. तडा असेल तर आत गेलेलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर ओलसर काळी रेघ उमटते. कारखान्यांत ‘डाय पेनेट्रंट’ नावाची चाचणी असते, तिचंही तत्त्व हेच. ही तपासणी करताना जवळ आग किंवा वेल्डिंग नको.

मापाशिवाय दुरुस्ती म्हणजे अंदाजपंचे

चिमटा आणि कप काढल्यावर नळी आतून पुसून कोरडी करा आणि व्हर्नियर कॅलिपरने आतला व्यास मोजा. एकदा नाही, चार वेळा. पुढे-मागे, डावीकडून उजवीकडे आणि दोन्ही तिरप्या दिशांना. वरच्या तोंडाचं वेगळं, खालच्या तोंडाचं वेगळं. तोंडापासून एक सेंटिमीटर आतही मोजा. तिथे झीज कमी असते, त्यामुळे मूळ माप काय होतं त्याचा अंदाज येतो.

चारही मापं सारखी पण मोठी, याचा अर्थ नळी ढिली झाली आहे. पुढे-मागचं माप जास्त आणि आडवं कमी, म्हणजे नळी लंबगोल झाली आहे. तोंडाशी जास्त आणि आत कमी, म्हणजे तोंड घंटेसारखं पसरलं आहे. तिन्ही आजारांची औषधं वेगळी आहेत.

दुरुस्तीचे पर्याय कोणते?

पहिली पायरी, योग्य मापाचा कप. नळीत आधी ३०.० मिलिमीटरचा कप होता आणि ती थोडी सैल झाली, तर ३०.२ चा कप अनेकदा घट्ट बसतो. सर्वात स्वस्त दुरुस्ती हीच. मात्र चिमट्यावर बसणाऱ्या खालच्या कोनाचं मापही या दोन पद्धतींत वेगळं असतं. एकात २७.० आणि दुसऱ्यात २६.४ मिलिमीटर. म्हणून सेट घेताना चिमटा सोबत न्या.

दुसरी पायरी, धातू पकडणारं रसायन. कप-बेअरिंग बसवण्यासाठी हिरवट रंगाचं एक द्रव मिळतं. हवा बंद झाली आणि धातूचा स्पर्श झाला की ते घट्ट होतं. साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरपर्यंतची फट त्याने भरते. बाटलीवर त्याची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचा. नळी आणि कप दोन्ही पेट्रोलने धुऊन ग्रीसचा अंशही राहणार नाही, असं बघा. कप सरळ बसवा आणि एक दिवस सायकलला हात लावू नका. पुढे कधी कप काढायचा झाला, तर भाग गरम करावा लागतो.

शीतपेयाच्या डब्याची पट्टी घालून कप बसवण्याची युक्तीही जुनी आहे. त्या पत्र्याची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे व्यासात ०.२ मिलिमीटरची भर. गावी पोहोचेपर्यंत ती उपयोगी पडते. कायमची दुरुस्ती म्हणून नाही. नळी लंबगोल असेल तर पट्टीने ती गोल होत नाही. नळीला आतून पंचने टिंब मारून खरबरीत करण्याचंही तसंच. टिंबांची टोकं काही महिन्यांत घासून जातात.

तिसरी पायरी, लंबगोल नळी गोल करणं. यासाठी टर्नरकडून पोलादाचा भरीव गोल ठोकळा लेथवर करून घ्यावा लागतो. एका टोकाला तो किंचित निमुळता आणि पुढे मूळ नळीच्या मापाचा असतो. ग्रीस लावून तो नळीत हळूहळू दाबत नेतात. बाहेरून लाकडी किंवा तांब्याच्या हातोडीने उंच भाग बसवत जातात. पोलाद लवचीक असल्याने ते परत गोल होतं. पण हे फक्त पोलादातच आणि साधारण एकदाच करायचं. एकच जागा वारंवार वाकवली की धातू कडक होतो आणि तुटतो.

चौथी पायरी, बाहेरून कडी. तोंड घंटेसारखं पसरलं असेल, तर नुसतं गोल करून ते टिकत नाही. त्याला बाहेरून आधार हवा. इथे बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतात तीच युक्ती कामी येते. लोहार लोखंडी धाव तापवतो, ती मोठी होते, चाकावर बसते आणि थंड झाली की चाकाला आवळते.

हेड ट्यूबसाठी साधारण ३ मिलिमीटर जाडीची आणि ८ ते १० मिलिमीटर उंचीची पोलादी कडी लेथवर करतात. नळीच्या तोंडाचा बाहेरचा व्यास ३६ मिलिमीटर असेल, तर कडीचा आतला व्यास त्याहून ०.०५ मिलिमीटर कमी ठेवतात. कडीचं तापमान २५० अंशांनी वाढवलं की ती व्यासात साधारण ०.१ मिलिमीटर मोठी होते आणि सहज सरकते. थंड झाली की नळीला कायमचं आवळते. हवं तर कडेने पितळी झाळण करतात. त्यानंतर आतून रीमर फिरवून अचूक माप आणतात.

पाचवी पायरी, आतून बाही किंवा नवी हेड ट्यूब. नळी फारच झिजली असेल, तर ती आतून मोठी करून त्यात पातळ पोलादी बाही बसवतात. हे काम लेथवर होतं. पण इतकी मोठी फ्रेम लेथवर फिरवता येत नाही. म्हणून उलटं करतात. फ्रेम लेथच्या सरकत्या भागावर घट्ट बांधतात आणि कापणारं हत्यार फिरवतात. संपूर्ण हेड ट्यूब बदलणं ही शेवटची पायरी. त्यासाठी पितळी सांधे ९०० अंशांच्या आसपास तापवून सोडवावे लागतात आणि नवी नळी अचूक कोनात बसवावी लागते. एखादी जुनी, मौल्यवान किंवा घरची आठवण असलेली फ्रेम असेल तरच हा खर्च परवडतो.

कोणतीही पायरी निवडली, तरी शेवटचं काम एकच. नळीची दोन्ही तोंडं एकमेकांना समांतर आणि नळीच्या अक्षाला काटकोनात असली पाहिजेत. त्यासाठी कडा खरवडून सपाट करतात. हे केलं नाही तर कप तिरपा बसतो, छर्रे एका बाजूनेच झिजतात आणि तीच खडखड सहा महिन्यांत परत येते.

कप बसवताना हातोडी का नको?

हातोडीचा घाव एका बाजूला जास्त बसतो. कप तिरपा शिरतो आणि नळीचं तोंड कातरत आत जातो. त्याऐवजी हार्डवेअरच्या दुकानातून १२ मिलिमीटरची पूर्ण आटे असलेली सळई, दोन नट आणि चार जाड वॉशर आणा. सळई नळीतून घाला, एका बाजूला कप, दुसऱ्या बाजूला वॉशर, आणि नट सावकाश आवळत न्या. कप सरळ आत सरकतो. एका वेळी एकच कप दाबा. काढताना मात्र नळीतून सळई घालून कपाच्या कडेला चारही बाजूंनी आलटून-पालटून हलके ठोके द्यावे लागतात.

सर्वात मोठी चूक कोणती?

ती आमच्या घरीच झाली होती. वडिलांची काळी, दांडीवाली २२ इंची सायकल. वीसेक वर्षं ते तिच्यावरून एमआयडीसीत पहिल्या पाळीला जायचे. पुढे ती मी कॉलेजला वापरायला लागलो. खडखड सुरू झाली तेव्हा दोन वेळा कप बदलले. तिसऱ्या वेळी कंटाळून मी ती खिडक्या-गेट बनवणाऱ्या एका दुकानात नेली आणि कप नळीलाच वेल्डिंग करून घेतला. आवाज गेला. पैसे वाचले म्हणून मी खूश.

तीन महिन्यांनी उतारावर ब्रेक दाबला आणि वेल्डिंगच्या अगदी शेजारून नळी फाटली. चिमटा पुढे गेला, मी हँडलवरून खाली. हनुवटीला चार टाके पडले. मागून ट्रक नव्हता, एवढंच नशीब.

चूक वेल्डरची नव्हती, माझी होती. गेटची पट्टी चार-पाच मिलिमीटर जाड असते. हेड ट्यूब जेमतेम एक मिलिमीटर. काडीच्या वेल्डिंगची उष्णता इतक्या पातळ नळीला सोसत नाही. वेल्डिंगच्या कडेला खाच पडते, आजूबाजूचा धातू ठिसूळ होऊ शकतो, नळी वाकडी होते ती वेगळीच. वर कप कायमचा अडकल्याने पुढची दुरुस्तीही अवघड होऊन बसते. पातळ पोलादी नळीला सांधायचंच असेल, तर गॅसवरची पितळी झाळण किंवा कुशल हातांनी केलेलं टिग वेल्डिंग हवं.

शेवटी माळीवाड्यातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे फ्रेम घेऊन गेलो. त्यांनी तोंडात बोट फिरवलं आणि म्हणाले, “भाऊ, भाडेकरू किती बदलणार? घरच ढिलं झालंय.” बेअरिंग बसतं त्या जागेला कारागीर ‘घर’ म्हणतात. दोन वर्षं पुस्तकात शोधत होतो ते निदान त्यांनी एका वाक्यात केलं. त्यांनी ती फ्रेम मात्र दुरुस्त केली नाही. नळी फाटलेली आहे, आता ही भिंतीवर टांगा, असं सांगून त्यांनी ती परत दिली. नाही म्हणणारा मिस्त्री मिळणं, हेही दुरुस्तीइतकंच महत्त्वाचं असतं.

ॲल्युमिनियम आणि कार्बन फ्रेमचं काय?

गिअरच्या बऱ्याच सायकली आता ॲल्युमिनियमच्या असतात. हे ॲल्युमिनियम कारखान्यात विशिष्ट तापमानाला तापवून मजबूत केलेलं असतं. त्यावर नंतर वेल्डिंग केलं की आजूबाजूच्या भागाची मजबुती उतरते आणि ती परत आणायची तर अख्खी फ्रेम पुन्हा भट्टीतून काढावी लागते. शिवाय पोलाद तुटण्याआधी बहुतेकदा वाकून इशारा देतं. ॲल्युमिनियमला बारीक तडा गेला की तो दर दणक्याला वाढत जातो. म्हणून यात फक्त रसायन लावून किंवा योग्य मापाचा कप टाकून जमतंय का, तेवढंच बघा. नळी लंबगोल असेल किंवा तडा असेल, तर फ्रेम बदला.

या सायकलींची मापंही वेगळी असतात. १९९० च्या दशकापासून आलेल्या बिनआट्याच्या हेडसेटमध्ये बाहेरच्या कपाचं माप बहुधा ३४ मिलिमीटर, तर नळीच्या आत लपलेल्या कपाचं ४४ मिलिमीटर असतं. कार्बन फ्रेममध्ये ठोकणं, तापवणं, खरवडणं यातलं काहीच करू नका.

नगरमध्ये हे काम कोण करू शकतं?

हे एका माणसाचं काम नाही, आणि अडचण तिथेच आहे. सायकलच्या मिस्त्रीला निदान कळतं, पण त्याच्याकडे लेथ नसतो. टर्नरकडे लेथ असतो, पण सायकलची मापं त्याला माहीत नसतात. पितळी झाळण करणारा तिसराच.

तरी आपल्याकडे ही तिन्ही कौशल्यं आहेत. ‘लुना’मुळे देशभर पोहोचलेल्या कायनेटिक इंजिनिअरिंगचा कारखाना याच शहरात. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या त्या पायडलवाल्या गाडीलाही अशीच हेड ट्यूब, असाच चिमटा होता. नागापूर एमआयडीसीत जॉबवर्क करणारे लेथ आहेत. साखर कारखान्यांच्या गावांत, लोणी-प्रवरानगरपासून कोपरगाव-श्रीरामपूरपर्यंत, फिटर आणि टर्नर पिढ्यांपासून आहेत. तालुक्याच्या आयटीआयमध्ये हीच कामं शिकवली जातात. एका कडीचं काम लेथवर फार वेळ घेत नाही. गरज आहे ती मिस्त्रीने कागदावर अचूक माप लिहून देण्याची.

दुरुस्ती की नवी सायकल?

तीन प्रश्न स्वतःला विचारा.

एक, तडा किंवा सुरकुती आहे का? असेल, तर रोजच्या वापरासाठी फ्रेम संपली. करंजी घाट किंवा चंदनापुरी घाट उतरताना चिमटा निखळला तर सावरायला वेळच मिळत नाही.

दोन, फ्रेम पोलादी आहे का? लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर पोलाद. मग वरच्या पहिल्या चार पायऱ्यांपैकी एक बहुधा लागू पडते.

तीन, बाकी सायकल कशी आहे? चाकं, चेन, पायडल चांगली असतील, तर लेथचं थोडं काम आणि नवा सेट मिळून होणारा खर्च नव्या सायकलच्या मानाने कमीच राहतो. सगळंच झिजलेलं असेल, तर त्याच मापाची दुसरी जुनी फ्रेम शोधून तिच्यावर चांगले भाग चढवणं शहाणपणाचं.

दुकानात गेल्यावर हे नक्की विचारा

• कप नळीत हलतोय की चिमटा कपात हलतोय?
• व्हर्नियरने माप घेतलं का? किती आलं?
• नव्या कपाचं माप ३०.० की ३०.२?
• वेल्डिंग करणार असाल तर कोणतं आणि कुठे?
• काम झाल्यावर दोन्ही तोंडं समांतर केली का?

दुरुस्तीनंतर पहिल्या आठवड्यात एकदा आणि महिन्याने एकदा ब्रेक दाबून तपासणी करा. नट पहिल्यांदा थोडा बसतो, तो पुन्हा आवळावा लागतो. त्यानंतर वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, जुनं ग्रीस काढून नवं भरा. हेड ट्यूब खराब होण्याचं सर्वात मोठं कारण धडक नाही, तर ‘थोडीशी खडखड आहे, चालतंय’ म्हणून काढलेले सहा महिने आहेत. नट वेळेवर आवळायला दोन मिनिटं लागतात.

आमची काळी सायकल अजून पडवीच्या भिंतीवर आहे. तिची चाकं, हँडल आणि वडिलांनी बसवून घेतलेला डायनॅमो दुसऱ्या एका जुन्या फ्रेमवर चढवलाय. तिच्या हेड ट्यूबचं माप मी स्वतः चारही दिशांना घेतलं होतं. वडील आता निवृत्त झालेत. पहाटे दूध आणायला ते तीच सायकल नेतात, आणि निघण्यापूर्वी पुढचा ब्रेक दाबून एकदा हलवून बघतात.